बापाला एस लागत नाही

अर्धापूरच्या बसस्टँडमागं मालकांची केळी पिकवायची वखार होती आणि त्या वखारीच्या मागच्या तीन खोल्यांत आमची इंग्रजी शाळा होती. गावात मळेवाले आणि व्यापारी पुष्कळ, पण नुसतं ‘मालक’ म्हटलं की एकाच माणसाचा बोध व्हायचा. केळीच्या गाड्या त्यांच्या, वखार त्यांची, आणि आता शाळाही त्यांचीच. नांदेडला कुठल्याशा व्यापाऱ्याच्या घरी त्यांनी एक एवढंसं पोर इंग्रजीत कविता म्हणताना पाहिलं होतं, आणि परत येताना जीपमध्येच शाळा काढायचं ठरवून टाकलं होतं. बोर्ड आधी तयार झाला, शाळा त्याच्या मागून आली. भिंतीपलीकडं केळ्यांना धुरी दिलेली असायची. तो गोड, जड वास दुपारच्या जेवणानंतर वर्गात असा उतरायचा की पोरं पाढे म्हणता म्हणता माना टाकायची, आणि खरं सांगायचं तर माझीही मान फळ्याच्या आधारानंच उभी असायची. अजूनही फळवाल्याच्या गाड्यावर पिकलेला घड दिसला की मला आधी फळा आठवतो.

आमचं भांड्यांचं दुकान मेन रोडला, आणि दुकानामागं घर. माझे वडील, म्हणजे अप्पा, सकाळी अंघोळ करून कपाळभर विभूती लावून इष्टलिंगाच्या पूजेला बसायचे, तेवढा वेळ घरात कुणी वाटीसुद्धा वाजवायची नाही. पूजा आटोपून ते दुकानात गेले की मग दिवसभर नुसती भांडीच वाजायची. त्यातही भांड्यावर नाव घालायच्या मशीनचा किर्रर्र आवाज दातांत शिरायचा. बायका भांडी निवडायच्या, ठोकून बघायच्या, घासाघीस करायच्या. आणि ‘नाव काय घालू?’ म्हटलं की गप्प व्हायच्या, कारण नाव नवऱ्याचं घालायचं आणि नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. मग माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, आतून हात पुसत यायची, त्या बाईच्या तोंडाशी कान न्यायची आणि ऐकलेलं नाव अप्पांना मोठ्यानं सांगायची. जन्मभर ज्या पातेल्यात बाई वरण शिजवणार त्याच्यावर शिजवणारीचं नाव कधीच पडलं नाही, हे माझ्या तेव्हा मनातही आलं नव्हतं. मला फक्त तो आवाज नकोसा वाटायचा. नाष्ट्याला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला असायचा, वरून शेंगदाण्याचं कूट. तो खाऊन मी नांदेडच्या कॉलेजला बसनं जायची, आणि तशीच जात-येत बी.ए. झाले.

मालक आमच्या दुकानात पुतण्याच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते, तेव्हा माझी नोकरी ठरली. मी पडद्याआड चहा ओतत होते.

“शिवप्पा, तुमची पोरगी बी.ए. झाली म्हणं?”

“झाली की मालक.”

“इंग्रजी हाय का तिला?”

“हाय की! पेपरच होता इंग्रजीचा,” अप्पा म्हणाले. पेपरात काय झालं ते कुणी विचारलं नाही.

“मग पाठवा सोमवारपासून. तिसरीला मास्तर टिकंना झालाय.”

एकुलत्या एक पोरीला नोकरीला पाठवायला अप्पा तयार झाले, याचं कारण इंग्रजी नव्हतं, लातूर होतं. लातूरचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. मुलाचं औषधांचं दुकान, घर स्वतःचं, माणसं आमच्यातलीच. मध्यस्थांनी सुचवलं होतं की मुलगी रिकामी बसलीय म्हणण्यापेक्षा ‘इंग्लिश स्कूलला टीचर आहे’ म्हटलेलं वजनदार वाटतं. तेव्हा लग्न होईपर्यंत मी टीचर व्हायचं असं ठरलं. मी हरकत घेतली नाही. त्या मशीनच्या आवाजापासून दिवसाचे काही तास सुटका, एवढंच मला त्यात दिसलं होतं.

इंग्रजी मला वाचायला यायचं, बोलायला नाही. पण तिसरीच्या पोरांपेक्षा चार धडे पुढं राहणं जमण्यासारखं होतं. सगळ्यांत अवघड निघाला तो कर्त्याबरोबर बदलणाऱ्या क्रियापदाचा धडा. ‘एका मुलाला बॉय म्हणायचं, पुष्कळ असले की एस लावून बॉईज’ हे पोरांनी आधीच्याच महिन्यात पाठ केलं होतं. आता मी सांगत होते की बॉय गोज, पण बॉईज गो. एकटा असला की क्रियापदाला एस, पुष्कळ असले की नाही. वर्गात कुरकुर सुरू झाली. “मॅडम, उलटं झालं,” असं एकानं स्पष्टच सांगितलं. मी म्हटलं, असं समजा, घरात एस नावाची चादर एकच आहे. बॉयनं घेतली नाही तर गोज पांघरतो. बॉईजनी ओढून घेतली की गो बिचारा उघडाच झोपतो. हे त्यांना चटकन पटलं. चादर ओढून घेणारी भावंडं सगळ्यांनाच होती. मग मी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडं लिहिलं, ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’, गोज. उजवीकडं ‘ते जातात’, गो. स्वतःवर बेहद्द खूश होऊन मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं उठून आपल्या घरातल्या माणसांवर दोन-दोन वाक्यं सांगायची होती. पहिला उठला, “माय फादर गो टू मार्केट. माय मदर गोज टू वेल.” मी फादरचं दुरुस्त केलं. दुसरी उठली, “माय फादर ईट भाकरी. माय मदर ईट्स भाकरी.” तिसरा, चौथा, सगळे तसेच. मदरला प्रत्येकानं न चुकता एस लावला, फादरला एकानंही नाही. चूक असती तर कुठं इकडं झाली असती, कुठं तिकडं. ही चूक नव्हती, हा ठराव होता.

शेवटी मी पल्लवीला उभं केलं. पल्लवी म्हणजे मालकांची धाकटी लेक, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, वर्गात सगळ्यांत धीट.

“पल्लवी, फादर किती आहेत तुला?”

“एकच हाय मॅडम.”

“मग एकाला काय लावायचं?”

“एस.”

“मग लाव.”

“न्हाई लावणार. तुम्हीच काल लिव्हलाव. ‘जातो’ असलं की गोज, ‘जातात’ असलं की गो. बाबा ‘जातात’ की! बाबाला ‘जातो’ मनलं तर मारतेत मला.”

मी फळ्याकडं पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी आत्तापर्यंत ज्याला एकवचन आणि अनेकवचन समजत होते, ते या पोरांच्या लेखी एकेरी आणि अहो-जाहो होतं, आणि त्यांच्या घरात तेच खरं होतं. आमच्याही घरात अप्पा ‘यायचे’, अव्वा ‘यायची’. अप्पा एकटेच असून पुष्कळ होते, आणि अव्वा सगळ्या घराला पुरून उरत असून एकटी होती. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडमला बी नसते लागत. मॅडम टीच अस.” तेव्हा मला कळलं की पोरांनी मलाही मोठ्या माणसांत घातलं होतं. वयाच्या विशीत, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या मागचा एस कुणीतरी काढून घेतला होता, आणि तो मला स्वतःच्या हातानं परत लावायचा होता. मी तो लावला, पण जरा वेळ थांबून.

मग मी पोरांना समजावून सांगितलं की इंग्रजीत अहो-जाहो नसतंच. तिथं सगळेच एकेरी. राजा असो की गडी, ‘ही गोज’.

“मालक पण?” एकानं विचारलं.

“मालक पण.”

वर्गात जो आनंद पसरला त्याला तोड नाही. केळ्यांच्या वासानं पेंगुळलेली पोरं ताठ बसली. सुटी झाल्यावर ती घरी निघाली तेव्हा रस्ताभर ‘मालक गोज, मालक गोज’ असा घोष चालला होता, आणि दिवेलागणीपर्यंत इंग्रजी ही भाषा गावाला जितकी आवडली तितकी ती त्यानंतर कधीच आवडली नसेल.

सकाळी प्रार्थना संपायच्या आत मालक शाळेत आले. ते कधी आवाज चढवून बोलत नसत, म्हणूनच लोक त्यांना भीत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“मॅडम, काल जेवताना पल्लवी सांगून राहिली, इंग्रजीत मी ‘तो’ हाय म्हणं.”

“तसं नाही मालक. इंग्रजीत सगळेच ‘तो’ आहेत. कलेक्टरसुद्धा.”

“कलेक्टरची बदली हुतीय मॅडम. मला हितंच ऱ्हायचंय.”

मी म्हटलं, “देवालाही इंग्रजीत तसंच म्हणतात.”

“देवाला आपण बी अरेतुरेच करतो. त्याला चालतंय.” मग त्यांनी वखारीच्या भिंतीवर हात टेकला आणि शांतपणे निकाल दिला, “असं करा. ज्याला आपण अहो-जाहो करतो त्याला आपल्या शाळेत ते एस लावायचं न्हाई. बाकी पुस्तकात असंल तसं शिकवा. माझी काही तकरार न्हाई.”

“पण परीक्षेत चूक धरतील.”

“परीक्षा कोन घेतंय? आपणच ना?”

तेही खरंच होतं. मी जरा धीर करून विचारलं, “आणि आईला? आईला एस लावायचा का?”

मालक दारातच थांबले. हा प्रश्न त्यांच्या विचारात आलेलाच नव्हता. “आईला? ऱ्हाऊ द्या की. आईला कोन अहो-जाहो करतंय?”

अशा रीतीनं आमच्या शाळेत शुद्ध इंग्रजी बोललं जायचं ते फक्त आई, गडी, कुत्रं आणि म्हैस यांच्याबद्दल. बाप, आजोबा, सरपंच आणि मालक यांच्यासाठी आमचं वेगळं इंग्रजी होतं, जे जगात दुसरीकडं कुठंही बोललं जात नव्हतं. माझी नात आता लातूरच्या एका मोठ्या शाळेत जाते. तिचं इंग्रजी असं सफाईदार आहे की मला कधीकधी ते पुन्हा विचारावं लागतं. आणि मराठीत ती तिच्या बापाला म्हणते, ‘ए बाबा, तू गप रे.’ तो गप बसतो. कुणी मारत नाही, कुणी शाळेत तक्रार घेऊन जात नाही. मला ते आवडतं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. मालकांनी हे ऐकलं असतं तर ते कुठल्या भिंतीला हात टेकून उभे राहिले असते, एवढं मात्र प्रत्येक वेळी मनात येतं.

मालकांनी निकाल दिला त्या संध्याकाळी मी घरी हे सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, “मालकाचं बरोबर हाय.”

“अप्पा, व्याकरण कुणाच्या मर्जीनं चालतं का?”

“व्याकरण तू लातूरला गेल्यावर कर. हितं मालक गिऱ्हाईक हाय आपलं.”

अव्वा भाकरी थापत होती. पिठाचा हात तसाच ठेवून तिनं विचारलं, “मला लागतंय का गं ते एस?”

“लागतंय.”

“आन् ह्यांला न्हाई?”

“नाही.”

“मंग मलाच जास्ती मिळालं की! ह्या घरात पहिल्यांदाच.” आणि ती एवढी हसली की भाकरी करपली. ती करपलेली भाकरी तिनं नेहमीप्रमाणं आपल्या ताटात घेतली.

थंडीत मालकांनी शाळेचं गॅदरिंग काढलं. वखारीपुढच्या मोकळ्या जागेत मांडव पडला, केळीचे खांब दारातच होते. मालकांना नांदेडहून पाहुणा हवा होता, आणि तोही ‘इंग्रजी असलेला’. त्यांनी मला विचारलं आणि मला कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंखेरीज कुणी ठाऊक नव्हतं. बाई यायला तयार झाल्या तेव्हा मला आधी अभिमान वाटला आणि मग भीती. कारण कार्यक्रमात पल्लवी ‘माय फॅमिली’वर बोलणार होती, आणि पल्लवीचे फादर ‘गो’ करणारे होते. ज्या बाईंनी मला वर्गात नाव घेऊन शाबासकी दिली होती, त्यांच्यासमोर माझी विद्यार्थिनी वाक्यावाक्याला ठेचकाळणार होती. दुरुस्त करावं तर मालक पहिल्या रांगेच्याही पुढं, स्टेजवरच बसणार. त्यात अप्पांनी बातमी आणली की लातूरची मंडळीही त्याच दिवशी येणार आहेत. मुलगी घरात पोह्याची बशी घेऊन उभी राहिलेली बघण्यापेक्षा शाळेत काम करताना बघू, असं मुलाच्या वडलांनी स्वतः सुचवलं होतं. अप्पांना हा फार आधुनिक विचार वाटला होता.

वाट शेवटी व्याकरणानंच दाखवली. मधल्या सुटीत डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता मला सुचलं, की फादर एकटा असला तरच पंचाईत आहे. त्याच्या सोबतीला कुणी दिलं की दोघं होतात, आणि दोघांना एस लागत नाही. ‘माय फादर अँड मदर गो.’ पुस्तकाप्रमाणं बिनचूक, मालकांच्या हुकुमाप्रमाणंही बिनचूक. पल्लवीच्या भाषणात वडलांची वाक्यं होती, आईची वाक्यं होती. मी प्रत्येक वाक्यात दोघांना एकत्र बसवून टाकलं. त्यामुळं अर्थाचं काय होतंय ते मला दिसत होतं, नाही असं नाही. पण माझा इंग्रजीवर भरवसा होता. ते कुणाला कळणार नाही, हा भरवसा.

गॅदरिंगला अख्खं गाव लोटलं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, मधून दोरी. पुरुषांत पुढं लातूरची मंडळी, त्यांच्या शेजारी नवं धोतर नेसलेले अप्पा. बायकांत अव्वा, आणि सतरंजीवर अगदी पुढं मालकीणबाई, म्हणजे पल्लवीची आई. पदर कपाळापर्यंत, मांडीवर हात. त्यांना मी तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पल्लवी माइकपाशी आली, नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “माय फादर अँड मदर गेट अप अर्ली.” टाळ्या पडल्या. स्टेजवर बसलेले मालक इतके खूश झाले की तिथूनच म्हणाले, “पल्लवी, मराठीत बी सांग बाळा. लोकांला कळू दे.”

मी पडद्यामागं होते. धावत जाऊन पोरीचं तोंड दाबावं असं मला वाटलं. पल्लवीनं सांगितलं, “माझे बाबा आणि आई लवकर उठतात.” पुन्हा टाळ्या.

“माय फादर अँड मदर मिल्क द बफेलो. माझे बाबा आणि आई म्हशीची धार काढतात.”

पुरुषांत कुणीतरी खोकलं.

“माय फादर अँड मदर मेक भाकरी. माझे बाबा आणि आई भाकरी करतात. माय फादर अँड मदर वॉश द क्लोद्ज. माझे बाबा आणि आई धुणं धुतात.”

बायकांच्या बाजूनं एका म्हातारीचा आवाज आला, “अगं बया, मालक धुणं धुतेत म्हणं!” आणि दोरीच्या त्या अंगाला जो हशा फुटला तो थांबेचना. हळूहळू पुरुषांनाही हसणं आवरेना; जे मालकांच्या वखारीत कामाला होते ते खाली माना घालून हसत होते. पल्लवीला वाटलं, आपलं भाषण फारच रंगलंय. तिनं आवाज चढवला. “माय फादर अँड मदर गो टू नांदेड इन अ जीप. माझे बाबा आणि आई जीपमध्ये बसून नांदेडला जातात. माय फादर अँड मदर सेल बनानाज. माझे बाबा आणि आई केळी विकतात. माय फादर अँड मदर सिट ऑन अ बिग चेअर. माझे बाबा आणि आई मोठ्या खुर्चीवर बसतात.”

इथं बायकांचं हसणं एकदम थांबलं. सगळ्या वळून मालकीणबाईंकडं बघायला लागल्या. त्या हसत नव्हत्या आणि लाजतही नव्हत्या. कुणी आपल्याला नावानं हाक मारली की काय, असं बघणारा तो चेहरा होता. एवढ्यात आमच्या कॉलेजच्या बाई उठल्या आणि टाळ्या वाजवत माइकवर म्हणाल्या, “वाह! एकही क्रियापद चुकलं नाही.” त्यांना आत काय घडलंय याची गंधवार्ता नव्हती, त्यांना फक्त क्रियापदं दिसत होती. पाहुण्याच टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर मालकांनाही वाजवाव्या लागल्या. त्या त्यांनी वाजवल्या, पण हात एकमेकांना लागलेले मला दिसले नाहीत.

सकाळी मालक शाळेत आले तेव्हा मी मनानं राजीनामा दिलेला होता. त्या दिवशी मात्र ते खुर्चीवर बसले.

“मॅडम, ते इंग्रजी खरंच बिनचूक होतं?”

“होतं मालक.”

“त्या नांदेडच्या बाई जेवताना बी तेच मनल्या.” त्यांनी सुस्कारा सोडला. “असं करा. ते एस लावा बापाला. कलेक्टरला लागतंय तर आपल्याला बी लागू द्या. पर बापाला वाक्यात एकट्याला ठेवा.”

माझी नोकरी टिकली. स्थळ मात्र टिकलं नाही. चार दिवसांनी मध्यस्थ येऊन बसले, सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, “पोरगी सोन्यासारखी हाय शिवप्पा. पर मुलाचे वडील मनतेत, उद्या आमच्या घरात बी असंच अँड लावत बसंल.” अप्पा त्या दिवशी नाव घालायच्या मशीनवर बसले नाहीत. दुकानात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती आणि ती मला त्या आवाजाहून वाईट वाटली. मला स्वतःला दुःख झालं का? थोडं झालं. त्या मुलाला मी गॅदरिंगमध्ये पडद्याआडून, दुरूनच पाहिलं होतं. तो सगळ्यांबरोबर हसत होता, आणि बाप वळून बघताच गप्प झाला होता. एवढ्यावर माणसाबद्दल काय ठरवणार, पण मी ठरवून टाकलं.

त्या उन्हाळ्यात मी अप्पांना सांगितलं की मला बी.एड. करायचंय, लातूरला. तिथं मावशी होती, राहायची सोय होती.

“लातूरलाच कामून?” अप्पा कळवळून म्हणाले. “लोकांला वाटंल, आपण त्यांच्या मागं लागलाव.”

“लातूर काय त्यांच्या बापाचं हाय?” अव्वानं आतून विचारलं. अप्पांनी पडद्याकडं पाहिलं. उलट उत्तर देणारी बायको त्यांना नवीन होती, आणि त्याहून नवीन हे, की त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. पुढं ज्या लातूरला मी उभी नोकरी केली, संसार केला, म्हातारी झाले, तिथं मी अशी त्या एका वाक्यावर पोचले.

जायच्या आदल्या दुपारी मी ट्रंक भरत होते. मागच्या दारानं मालकीणबाई आल्या. बाहेर जीप उभी होती, ड्रायव्हर झाडाखाली तंबाखू मळत होता. पातेली बघायच्या निमित्तानं आल्या होत्या, पण पातेल्यांकडं त्यांचं लक्ष नव्हतं. अव्वानं सरबत दिलं. पेला हातात धरून त्या म्हणाल्या,

“मॅडम, पोरीनं त्या दिशी खोटंच सांगितलं. मी नांदेडला गेले ती तिच्या येळच्या बाळंतपणाला, दवाखान्यात. जीपमधी मागं निजून. मोठ्या खुर्चीवर तर कधीच न्हाई.” मग म्हणाल्या, “पर ऐकायला बरं वाटलं.”

मी हातातली साडी ट्रंकेत ठेवली.

“एक इचारू का? मी जाते असं इंग्रजीत मनायचं असंल, तर मला ते एस लागतंय ना?”

“दुसऱ्या कुणी तुमच्याबद्दल म्हटलं तर लागतंय. पल्लवीनं म्हटलं तर ‘माय मदर गोज’. तुम्ही स्वतः म्हणालात तर नाही. ‘आय गो’.”

“एकटी असून?”

“एकटी असून.”

“मंजे मालकासारखं?”

“मालकांना आता लागतंय,” मी म्हटलं, आणि तोंडावर पदर धरून त्या पहिल्यांदा हसल्या. मग सरबत संपवलं, अव्वाच्या हातचं कुंकू लावून घेतलं, आणि आपल्याकडच्या सगळ्या बायका निघताना म्हणतात तसं “येते हां” म्हणून उंबरा ओलांडला. पायरीवर थांबल्या. मागं वळल्या. कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि हळू, पण सगळी अक्षरं नीट म्हणाल्या, “आय गो.”

“काय मनली गं ती?” अव्वानं विचारलं.

“जाते म्हणाली.”

अव्वा चपापली. निघताना ‘जाते’ म्हणू नये, अभद्र असतं, हे तिनं मला लहानपणापासून शिकवलं होतं. ती त्यांना परत बोलवायला लगबगीनं दारात गेली. बाहेर मालकीणबाई जीपच्या मागच्या बाजूला न जाता पुढं आल्या होत्या. ड्रायव्हर काहीतरी सांगत होता, त्या मान हलवत नव्हत्या. मग त्यांनी निऱ्या हातात धरल्या आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या. अव्वा हात वर केलेला तसाच ठेवून बघत राहिली. गाडी सुरू झाली, धुरळा उडाला.

“जाऊ दे,” अव्वा म्हणाली.